पाठमोऱ्या सातजणी

मनोरमाबाईंच्या म्युनिकमधल्या गॅलरीत फक्त आफ्रिकेतल्या आजच्या चित्रकारांची चित्रं लागत. आफ्रिकेवर बाई भाषणं छान देत. तिकडे पाऊल कधी टाकलं नव्हतं, धूळ सोसत नाही म्हणून.

घानाच्या अकोसुआने चित्र पाठवलं: बाकावर पाठमोऱ्या बसलेल्या सात बायका. सोबत सातजणींची नावं. ती चित्राखालच्या पाटीवर हवीतच, एवढी एकच अट.

"नावं कोण वाचतंय! गिऱ्हाइकाला आफ्रिका हवी असते," म्हणत बाईंनी पाटी लावली: 'आफ्रिकी स्त्रिया'.

सोमवारी चित्रातली एकजण समोर तोंड करून बसलेली दिसली. मंगळवारी दोघी.

"अगं, लाव ती नावं," इंजिनिअर नवरा उल्हास म्हणाला.

"तुम्ही तुमची इंजिनं बघा."

रविवारी सकाळी उद्घाटन होतं. आता सातही जणी समोर बघत होत्या. हॉल पाहुण्यांनी भरला होता. बाईंनी मोठ्याने स्वागत केलं. कुणीच वळलं नाही. जिकडेतिकडे पाठी.

"अहो, तुम्ही तरी बघा इकडे!"

उल्हास हलला नाही. बाई चिडून, वळसा घालून त्याच्या समोर गेल्या.

समोरही पाठच होती.