पडद्यामागचे स्पीकर

“आणि भावजी, तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही. खाकरायचंसुद्धा नाही,” पडद्यामागून मेव्हण्याने बजावलं.

चष्मेवाल्याने मुकाट्याने मान हलवली. स्वतःच्या दुकानात तो दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत ‘आता बरं दिसतंय की मघाशी?’ असं विचारायचा. आज तसलीच परीक्षा त्याच्या घरात मांडली होती, आणि ती द्यायची होती त्याच्या बायकोने.

प्रकरण होतं नव्या स्पीकरांचं. छातीइतके उंच, अक्रोडाच्या लाकडाचे, एकेक उचलायला दोन माणसं लागली होती. दुकानदाराने ते थोडे दिवस घरी ऐकून बघायला दिले होते. उद्या सकाळी त्याचा माणूस येणार होता, होकार घ्यायला नाहीतर स्पीकर न्यायला. ते घरात आल्यापासून चष्मेवाल्याचे पाय जमिनीवर नव्हते. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे घे, मग वीतभर मागे सार, असं करता करता त्याने बायकोचं शिलाई मशीन हॉलमधून पार बाल्कनीत ढकललं होतं. तिच्याकडे माप द्यायला येणाऱ्या बायकांना तो आधी खुर्चीत बसवायचा आणि गाणारी बाई ओळीच्या आधी श्वास घेते तो ऐकू येतो का, ते विचारायचा. एक जण तर माप न देताच निघून गेली.

बायकोने भांडण काढलं नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की दुकानदाराने या भोळ्या माणसाला टोपी घातली आहे. जुने स्पीकर होतेच की, लग्नाच्या वर्षी घेतलेले, अजून ठणठणीत. बरीच वादावादी झाल्यावर ठरलं ते असं. दोन्ही जोड्या पडद्याआड ठेवायच्या, एकच गाणं कधी या जोडीवर तर कधी त्या जोडीवर लावायचं, आणि कोणती वाजतेय ते बायकोने ओळखायचं. एकदा जरी चुकली, तरी नवे स्पीकर परत. चष्मेवाला नाइलाजाने ‘हो’ म्हणाला.

पंच म्हणून तिच्या थोरल्या भावाला बोलावलं होतं. तो गणिताचा मास्तर, आणि न्यायाच्या बाबतीत सख्ख्या बहिणीलाही न सोडणारा. त्याने आधी दोन्ही जोड्यांचा आवाज मोजून सारखा केला. मग खिशातून नाणं काढलं. छापा पडला तर नवे, काटा पडला तर जुने. नाणं कसं पडलं ते पडद्यामागे त्याच्याशिवाय कोणाला दिसणार नव्हतं.

चष्मेवाल्याने बायकोला बरोबर मधल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाजूला, जरासा पुढे स्टूल घेतलं.

“डोळे मीट,” तो कुजबुजला. “डोळे उघडे असले की कान आळशी होतात.”

“बरं,” ती म्हणाली.

त्याने स्वतःचे डोळे गच्च मिटून घेतले. गाणं सुरू झालं. दोन सूर कानावर पडताच त्याने ओळखलं, जुने. डब्यात तोंड घालून गाताहेत नुसते. पण बायकोला कळायला हवं ना! ती अंमळ थांबली.

“जुने,” ती म्हणाली.

“बरोबर,” पडद्यामागून आवाज आला.

पुन्हा नाणं उडालं. या वेळी बाई जणू समोर येऊन उभी राहिली आणि तिने श्वास घेतला. चष्मेवाल्याच्या अंगावर काटा आला. बायको म्हणाली, “नवे.” तेही बरोबर. त्यानंतर जुने, पुन्हा जुने, मग नवे, एकामागून एक फेऱ्या होत गेल्या आणि बायको काही चुकेना. इतकी वर्षं या कानांशी संसार केला आणि आपल्याला पत्ताच नाही, असं वाटून त्याचा ऊर भरून आला.

शेवटच्या फेरीला मात्र त्याचा धीर सुटला. ऐन काठावर येऊन होडी बुडते की काय, या भीतीने त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. गाणं वाजत राहिलं. बायको बोलेना.

“अहो, हात खाली घ्या,” ती शेवटी म्हणाली. “आवाज अडतोय.”

त्याने चटकन हात खाली घेतले आणि मनातल्या मनात तिला साष्टांग नमस्कार घातला. मिटल्या डोळ्यांनी हिला आपल्या हातांचा अडसर कळतो! एवढे तिखट कान त्या दुकानदाराकडेही नसतील.

“नवे,” ती म्हणाली.

मास्तर पडदा सारून बाहेर आला. सगळी उत्तरं बरोबर आहेत, त्याने जाहीर केलं, आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. चष्मेवाल्याने दुकानदाराला कळवायला फोन हातात घेतला, पण त्याला राहवेना.

“आधी सांग, तुला नेमका फरक कुठे कळला? तिच्या श्वासात ना?”

“कुठला श्वास?” बायको म्हणाली. “मला दोन्ही सारखेच वाटले. जुने लागले की तुमचं तोंड आंबट व्हायचं, आणि नवे लागले की भुवया कपाळावर चढायच्या. मी आपली तुमच्याकडे बघून सांगत होते.”

चष्मेवाल्याचा चेहरा उतरला. खोटेपणा करून स्पीकर ठेवून घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने फोन खाली ठेवला.

“म्हणजे परीक्षा झालीच नाही,” तो म्हणाला.

“झाली की. करा फोन, ठेवून घेतो म्हणून सांगा,” ती म्हणाली. “नाणं कसं पडतंय ते तुम्हालाही दिसत नव्हतं. आणि तुम्ही एकदाही चुकला नाहीत.”