एकाच टीची जीन्स

मुलगी पाहायला आलेला मुलगा दारात बूट काढायला वाकला आणि सुधाकरशेठांची नजर त्याच्या जीन्सच्या मागच्या पट्टीवर गेली. 'वाल्टोनी' कंपनीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये टी एकच! शेठांचं डोकं सणकलं. घरामागच्या शेडमध्ये तेवीस वर्षं ते आपल्या जीन्सवर याच नावाची पट्टी शिवत होते, चांगले दोन टी लावून.

चहाच्या निमित्ताने ते स्वयंपाकघरात घुसले. "केतकी, पोरगा बनेल आहे. म्हणे जर्मनीत असतो, आणि अंगावर डुप्लिकेट माल! नोकरीपण तसलीच असणार. चहा पाज आणि वाटेला लाव."

"पप्पा, मला पसंत आहे तो. आणि टी एकच असतो." तिने मोबाईलवर कंपनीचं पान उघडून दाखवलं. "दोन आपलेच."

शेठांनी पान तीनदा वरखाली केलं. "मग एवढ्या वर्षांत एक गिऱ्हाईक कसं बोललं नाही गं?"

"वाचणारं गिऱ्हाईक आपल्याकडे कशाला येईल?"

तेवढ्यात बाहेरून मुलाच्या वडिलांची हाक आली, "शेठ, तुमचा धंदा नेमका कशाचा म्हणालात?"

शर्ट ओढून स्वतःच्या कमरेवरची पट्टी झाकत शेठ बाहेर आले.

"बटणांचा," ते म्हणाले. "आमचं आपलं फक्त बटणांचं."