ब्रोशरमधलं स्वयंपाकघर

“ब्रोशरमध्ये स्वयंपाकघर केवढं ऐसपैस आहे, आणि हे तर खुराडं!” घर घ्यायला आलेल्या काकूंनी ब्रोशर टेबलावर आपटलं. अजून न बांधलेल्या फ्लॅटमधून केतकी त्यांना कॉम्प्युटरवर फिरवत होती.

बिल्डर केतकीवरच उखडला. “हे फिरवाफिरवीचं खूळ तुझंच! आठ दिवस खपून तू काढलेलं ते ब्रोशरचं चित्र काय वाईट होतं?”

केतकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “भिंत उडव, कॅमेरा मागे ने, पण स्वयंपाकघर मोठं दिसलं पाहिजे,” असं त्या आठ दिवसांत हाच तिच्या डोक्यावर बसून सांगत होता.

“काकू, तुमचं ब्रोशरमधलं स्वयंपाकघर दाखवते,” ती म्हणाली. तिने बाहेरची भिंत उडवली आणि कॅमेरा मागे मागे नेला. ओटा, फ्रिज, खिडकी, सगळं ऐसपैस झालं.

“हां, अगदी हेच!” काकू खुलल्या. बिल्डरही मिशीत हसला.

“आता हे बघायला तुम्हाला कुठे उभं राहावं लागेल, तेही बघा,” म्हणत केतकीने कॅमेरा खाली वळवला.

पायाखाली फरशी नव्हती. नऊ मजले खाली पार्किंगमधल्या गाड्या काडेपेट्यांएवढ्या दिसत होत्या.