मुका पंचम

"ताई, आता नव्या पेटीसोबत सगळ्यांचा एक फोटो," फोटोवाला म्हणाला.

मंडळाच्या अध्यक्षांनी दिवाळीची देणगी म्हणून आणलेल्या पेटीवरचा हार मी बाजूला सारला. सकाळपासून भाषणं ऐकून माझे खांदे भरून आले होते. तरी वाजवून दाखवणं भाग होतं.

पक्षाघाताने ज्यांचं बोलणं गेलं, पण गाणं राहिलं, अशी माझी माणसं खुर्च्यांवर पेंगत होती. दर शनिवारी मी ओळ आधी वाजवते, मग ती गातात. जुन्या पेटीचा पंचम वाजतच नसे. तिथे पेटी गप्प झाली, की एरवी तोंडही न उघडणारे सबनीसकाका तेवढा एक सूर भरायचे.

नव्या पेटीचा पंचम खणखणीत वाजला. काकांनी उघडलेलं तोंड तसंच मिटलं. दाराशी उभ्या सबनीसकाकूंनी मान खाली घातली.

मी तीच ओळ पुन्हा धरली आणि पंचमाशी येताच बोट उचललं.

काकांचा सूर आला. जरा कापरा, पण आला.

"एक पट्टी वाजत नाही वाटतं," अध्यक्ष ओशाळून म्हणाले. "उद्याच दुरुस्त करून आणतो."

"राहू द्या," मी म्हणाले. "ती पट्टी काकांची आहे."