पुढच्या सीटवरचा हात

"एवढ्या जुन्या गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं नसतं. आत साचलेल्या लोखंडाच्या भुग्यावरच त्याचे दात तगून आहेत," दस्तगीरमामा म्हणाले. आमच्या घाटातले ते सगळ्यात जुने मेस्त्री.

पण साडेचार लाख किलोमीटर पळालेली ती जीप माझी होती. चढावर तिसरा गिअर माझ्या एकटीच्यानं पडत नसे. पुढच्या सीटवरच्या माणसाला माझ्याबरोबर दांडा रेटावा लागे. "छबूताईच्या जीपला दोन ड्रायव्हर लागतात," असं म्हणून प्रवासी खिदळत. मी हसत नव्हते.

रविवारी मीच जीपखाली शिरले. आधी भरायचं बूच सैल केलं. तेच गंजून बसलं असतं, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन रडायची पाळी आली असती. मग खालचं उघडलं. डांबरासारखं काळं ऑइल घमेल्यात पडलं. बूच पुसून बसवलं आणि नवं, मधाच्या रंगाचं ऑइल तोंडापर्यंत भरलं.

सोमवारी मामा मुद्दाम पुढं येऊन बसले. "बंद पडेल तिथं ढकलायला कुणीतरी हवं की!"

देवळाच्या वळणावर चढ लागला. मी क्लच दाबला. मागचे आठही प्रवासी पुढं वाकून बघू लागले. मामांनी बाही सारून, दात आवळून दांड्याकडं हात नेला आणि तो तसाच अधांतरी राहिला. मी दोन बोटांनी ढकललेला तिसरा गिअर केव्हाच पडला होता. जीप चढ कापत निघाली होती.

"मामा, हात मागं घ्या," मी म्हटलं. "चौथा टाकायचाय."