दुसरा फोन

नवरा कामावर गेला की घरात फोन माझा एकटीचा उरतो. तरी वायफायच्या यादीत दोन दिसत होते. बाळाला मांडीवर घेऊन मी वायफायवाल्याला फोन लावला.

“शेजारचा कुणी फुकट्या असेल, ताई. पासवर्ड बदला. अहोंनाही सुचणार नाही असा टाका.”

मी टाकला.

“झाली यादी रिकामी, मला इथून दिसतंय,” तो म्हणाला. मला हायसं वाटलं.

“तुमचा फोन जोडलात?”

“नाही अजून.”

“मग हा दुसरा परत आला की. पहिल्याच फटक्यात, अचूक पासवर्ड टाकून. कुणाला सांगितलात, ताई?”

कुणालाच नाही. बाळाला पाजताना, दार लावून, मी त्याच्या कानात एक लाडाचं नाव कुजबुजते. तेच टाकलं होतं.