सव्वा तासाचं अंतर

"बर्लिन ते व्हिएन्ना विमानानं फक्त सव्वा तास?" उज्ज्वलाताईंनी पुन्हा नवऱ्याला विचारलं. मिरज-कोल्हापूर एसटीसुद्धा तेवढाच वेळ घेते. तरी बर्लिनचा थोरला मुलगा आणि व्हिएन्नाचा धाकटा चार वर्षांत एकमेकांच्या घरी फिरकले नव्हते.

दिवाळीची पार्सलं बांधताना त्यांनी बेसनाचे सगळे लाडू व्हिएन्नाच्या खोक्यात भरले आणि सगळ्या चकल्या बर्लिनच्या खोक्यात.

"अगं, उलटं झालं! लाडू थोरल्याला आवडतात," नवरा म्हणाला.

"असू दे," म्हणत त्यांनी चिकटपट्टी ओढली.

आठवड्यानं धाकट्याचा फोन आला. "आई, दादाचे लाडू माझ्याकडे आलेत. कुरियरनं पाठवतो त्याला."

"कुरियरनं नको रे, वाटेत फुटतील!"

"अगं, मिरजेहून इथवर आले, एकही फुटला नाही."

फोन ठेवताना उज्ज्वलाताईंनी मनाशी ठरवलं, पुढच्या दिवाळीत लाडवांत तूप कमी घालायचं.